तीन वर्षांचं निरंक

सरकारी तक्त्याला कोरं राहिलेलं चालत नाही. ज्या रकान्यात भरायला काहीच नसतं, तिथं आम्ही शिक्षक 'निरंक' असं लिहितो. म्हणजे या सदरात आमच्या शाळेत कुणी नाही, पुढच्या शाळेला जा. बाकीचे शिक्षक कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून मोकळे होतात. माझी पद्धत वेगळी होती. मी जाड काळं स्केचपेन घ्यायचो आणि तक्त्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकं, मोठ्ठं 'निरंक' लिहायचो. तालुक्याच्या कचेरीत टेबलावर बसणाऱ्या बाईंना चष्मा न लावता दिसावं, असं मी गमतीनं म्हणायचो. माझं अक्षर चांगलं आहे. तालुक्यातल्या कुठल्याही कार्यक्रमाचा फळा असो की प्रमाणपत्रावरची नावं, मलाच बोलावणं यायचं, आणि मला ते आवडायचं.

माझी शाळा तेव्हा वळसंगच्या पुढं वस्तीवर होती. दोन शिक्षक, चार वर्ग. राहायला मी सोलापुरात. मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा तिला शहरातल्या शाळेत न घालता मी माझ्याच शाळेत घातलं. सरकारी मास्तर स्वतःची पोरं सरकारी शाळेत घालत नाहीत असं लोक म्हणतात, त्यांना दाखवून द्यायचं होतं. रोज सकाळी ती मोटारसायकलवर माझ्या मागं बसायची. शाळेच्या फाटकापर्यंत मी तिचा अप्पा असायचो, फाटकातून आत गेलं की सर.

तिला कमी दिसतं हे माझ्याआधी बायकोच्या लक्षात आलं होतं. ती एकदा म्हणाली, "तव्यातली भाकरी ती बरोबर उचलती, ताटातली चाचपडत शोधती. असं कसं वो?" काळ्या तव्यावर पांढरी ज्वारीची भाकरी पोरीला दिसत होती, स्टीलच्या चकाकत्या ताटात दिसत नव्हती. एवढी साधी गोष्ट. मी म्हणालो, ध्यान नसतं तिचं, दुसरं काय. रस्त्यात समोरून आत्या आली तरी आत्या बोलेपर्यंत ती ओळखायची नाही, त्यालाही मी ध्यान नसतं म्हणालो. पहिलीत गेल्यावर मात्र ती पुस्तक नाकाला टेकवून बसायला लागली आणि मला तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्यावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्यात जन्मापासूनचा दोष आहे, मधलं नीट दिसत नाही, कडेचं दिसतं. चष्म्यानं हे भरून येणार नाही, ऑपरेशनही नाही. मग त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. कमी दृष्टीच्या मुलांसाठी वेगळा विभाग असतो, तिथं भिंगं असतात, दुर्बिणी असतात, आहे ती नजर वापरायला शिकवतात, तिथं घेऊन जा म्हणाले. मी पहिलं वाक्य ऐकलं, चष्म्यानं भरून येणार नाही. बाकीचं ऐकू आलं होतं, पण घेतलं नाही. ती चिठ्ठी मी घडी करून सर्व्हिस बुकाच्या झेरॉक्सच्या फायलीत ठेवली. बायकोला सांगितलं, मोठी झाली की सुधारेल म्हणाले. हे खोटं होतं आणि मी ते घरी पोचायच्या आधी, दवाखान्याच्या जिन्यातच जुळवलं होतं.

मला कशाची लाज वाटत होती, हे आज सरळ सांगतो. माझ्या वर्गातली सगळी पोरं वाचायची. वस्तीवरची मेंढपाळांची पोरं, वर्षातले काही महिने रानोमाळ हिंडणारी, तीसुद्धा. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याच्या बैठकीत माझ्या वर्गाचं नाव निघायचं आणि मी खाली मान घालून, फार काही केलं नाही, असा चेहरा करून बसायचो. त्याच वर्गात माझी स्वतःची मुलगी वाचत नाही, हे मला सहन होईना. आणि दिव्यांग विद्यार्थ्यांच्या यादीत तिचं नाव एकदा गेलं की ते कायमचं, उद्या तिचं लग्न, लोक काय विचारतील, हेही होतं. सहा वर्षांच्या पोरीच्या लग्नाचा विचार मी करत होतो.

मग मी एक युक्ती काढली. तिचे कान फार तल्लख होते. एकदा ऐकलेलं ती विसरायची नाही. सोलापूर सोडलं की मी गाडीवर धडा म्हणायला सुरुवात करायचो आणि ती पाठीमागून माझ्या कानाशी तेच म्हणायची. होटगीचं रेल्वे फाटक लागलं आणि ते बंद असलं, तर मालगाडी जाईपर्यंत उजळणी. शाळा येईपर्यंत एक पान पक्कं. नुसतं पाठ करून भागणार नव्हतं, कारण मी शिक्षक आहे, पाठ केलेलं आम्हाला लगेच कळतं. म्हणून ओळीखालून बोट कसं सरकवायचं ते मी तिला शिकवलं. ओळ संपली की बोट मागं. कुठल्या शब्दानंतर पान उलटायचं, तेही ठरवून दिलं. मध्ये एखाद्या अवघड शब्दाशी थोडं अडखळायला सांगितलं, म्हणजे खरं वाटतं. पहिलीची आणि दुसरीची पुस्तकं तिनं अशी संपवली, तिसरीचं अर्ध्याच्या पुढं नेलं. वाचनस्तराच्या नोंदीत तिच्या नावापुढं मी 'परिच्छेद वाचते' असं लिहिलं, सुंदर अक्षरात.

ती कधी कुरकुरली नाही. तिला मजा यायची. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दरवर्षी शाळा सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांत तालुक्याहून विशेष शिक्षिका यायच्या. पन्नाशीच्या, खांद्याला जड पिशवी, माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून उतरून अर्धा मैल चालत. कमी दिसणारी, कमी ऐकू येणारी, चालता न येणारी मुलं शाळाशाळांतून शोधायची आणि त्यांना काय लागतं ते पोचवायचं, हे त्यांचं काम. "सर, कुणी हाय का आवंदा?" असं त्या दारातूनच विचारायच्या. मी आधीच भरून ठेवलेला तक्ता पुढं करायचो. "निरंक, मॅडम. चहा घ्या." त्या चहा घ्यायच्या, माझ्या अक्षराचं कौतुक करायच्या आणि जायच्या. मुलगी तेव्हा दुसऱ्या बाकावर बसलेली असायची. तिसऱ्या वर्षी तर मी चहा आणायला तिलाच पाठवलं होतं. स्वयंपाकाच्या मावशींनी दिलेला कप तिनं दोन्ही हातांत धरून, पायानं उंबरा चाचपत आणला. मॅडम तिच्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिल्या, एवढं मला आठवतं. मी लगेच दुसरा विषय काढला.

त्याच वर्षी जानेवारीत, सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्ट्या संपल्यावर, केंद्रप्रमुख शाळा बघायला आले. वर्गाचं वाचन घ्यायचं होतं. विशेष शिक्षिका मॅडमही त्यांच्या सहीसाठी काही कागद घेऊन आल्या होत्या आणि मागं खुर्चीवर बसल्या होत्या. दोन-तीन पोरांनी वाचून दाखवलं. मग साहेब हसून म्हणाले, "आता सरांची लेक वाचंल." त्यांनी तिच्या शेजारच्या मुलीचं पुस्तक उचललं, धडा काढला आणि तिच्या हातात दिलं.

धडा तिला पाठ होता. मी निश्चिंत होतो. तिनं पुस्तक डोळ्यांजवळ धरलं, बोट ठेवलं आणि सुरू केलं. आवाज खणखणीत, विरामचिन्हं जागच्या जागी. ठरलेल्या शब्दाला तिनं पान उलटलं आणि पुढं वाचत राहिली. मी साहेबांचा चेहरा बघत होतो. ते खूश दिसत होते. तेवढ्यात शेजारची मुलगी, जिचं पुस्तक होतं ती, उठून म्हणाली, "सर, ते पान न्हाय की हितं. आमच्या शेळीनं खाल्लंय."

मी पाहिलं. खरंच ते पान नव्हतं. शिवणीला चिकटलेली बोटभर पट्टी तेवढी उरली होती, तीही दातांनी कातरलेली. आणि माझी मुलगी त्या नसलेल्या पानावरून बोट फिरवत वाचत होती. माझ्या सूचनेप्रमाणे अवघड शब्दाशी थोडी अडखळलीसुद्धा.

वर्ग हसायला लागला. साहेबही हसले. "पाठच केलंय की पोरीनं. हुशार हाय," असं म्हणून त्यांनी शेरेबुकात चांगला शेरा लिहिला. मीही हसलो. मुलगी पुस्तक हातात धरून उभी होती, लोक का हसतायत ते तिला कळत नव्हतं, म्हणून तीही हसली. मागच्या खुर्चीवरच्या मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत.

साहेब गेले. मॅडम थांबल्या. शाळा सुटल्यावर पोरं घरी गेली, तेव्हा त्यांनी मुलीला व्हरांड्यात सावलीला बसवलं आणि पिशवीतून पेपरवेटसारखा दिसणारा काचेचा घुमट काढला. सपाट बाजू खाली, फुगीर वर. तो त्यांनी पुस्तकावर ठेवला. पाठीमागच्या पानांपैकी एक, आम्ही अजून न केलेला धडा. "वाच बरं, बाळ. काय दिसतंय?"

मुलीनं तोंड खाली नेलं. घुमटाखाली अक्षरं मोठी झाली होती. ती म्हणाली, "क." मग, "काना. का." मग पुढचं अक्षर. जोडाक्षर आल्यावर थांबली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "हे काय असतं, सर?"

तिसरीतली मुलगी. माझी. 'परिच्छेद वाचते'. पहिलीतलं पोर दिवाळीच्या आधी जिथं असतं, तिथं ती होती. पाटीवर मोठी काढून दिलेली अक्षरं तिला येत होती, त्यापुढं काही नाही. तीन वर्षं मी तिच्या कानात पुस्तकं ओतली होती आणि एक ओळ वाचायला शिकवली नव्हती.

मॅडमनी विचारलं, "मग आतापर्यंत कसं वाचत होतीस गं?"

ती म्हणाली, "अप्पा गाडीवर सांगतात की. सगळ्यांचे अप्पा सांगतात न्हाय का?"

म्हणजे वाचणं असंच असतं असं तिला वाटत होतं. वर्गातली सगळी पोरं घरून पाठ करून येतात आणि पुस्तक नुसतं हातात धरायचं असतं. मला त्या व्हरांड्यात उभं राहवेना. मी उगाच जाऊन वर्गाच्या खिडक्या लावायला लागलो.

मॅडम माझ्या मागं आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, शिकल ती. डोकं चांगलं हाय. पण मला तीन वर्षं चहा पाजलात तुमी." मी काहीतरी बोललो, डॉक्टर म्हणाले होते, आम्ही बघतच होतो, असं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "उद्या यादी नव्यानं भरून द्या. आणि चिठ्ठी असंल तर काढा." चिठ्ठी असणार हे त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. बहुतेक माझ्यासारखी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली असणार.

परतताना आम्ही सकाळचा धडा पुन्हा म्हणायचो, त्या दिवशी मी म्हटला नाही. होटगीच्या फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा मागून तिनं विचारलं, "आज न्हाय का?" मी नाही म्हणालो. तिला वाटलं मी रागावलोय. मी रागावलेला नाही एवढं सांगायलाही माझं तोंड उघडलं नाही.

बायकोला मी चिठ्ठी दाखवली. ती मराठीत भांडते, पण फार दुखलं की कन्नडमध्ये जाते. त्या दिवशी ती कन्नडमध्येही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना मुलीपुढं गडद निळं ताट होतं, स्टीलचं नाही. पोरीनं भाकरी सरळ उचलली.

पुढं रीतसर सगळं झालं. चिठ्ठीतल्या विभागात गेलो. तो सोलापुरातच, आमच्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर होता. तिथल्या बाईंनी तासभर मुलीशी खेळत खेळत तिची नजर तपासली. पुस्तक तिरकं ठेवायला लाकडी घोडी मिळाली, म्हणजे मान मोडत नाही. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी फट कापून दिली, ती पानावर ठेवली की एकच ओळ दिसते, बाकीची गर्दी झाकते. जाड रेघांची वही. उन्हात डोळे दिपतात म्हणून रुंद काठाची टोपी. फळ्यासाठी अंगठ्याएवढी दुर्बीण, एका डोळ्याला लावायची. शाळेत मोठ्या छपाईची पुस्तकं आली. ती दरवर्षी येतात, यादीत नाव असलं की येतात. तीन वर्षं ती पुस्तकं मी लिहिलेल्या एका शब्दापाशी अडून राहिली होती.

ती चौथीत असताना मी तिला पहिलीपासून शिकवलं. जोडाक्षरं, वेलांट्या, सगळं. मला फळ्यावर मोठं आणि जाड लिहावं लागायचं. माझं नाजूक, वळणदार अक्षर तिच्या दुर्बिणीतून नुसती रेघोटी दिसायचं. म्हणून मी ते सोडलं आणि दुकानाच्या पाटीसारखं लिहायला लागलो. सोडताना मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. पोरीपेक्षा अक्षराचं वाईट वाटणारा माणूस होतो मी. दुर्बीण पहिल्यांदा लावली तेव्हा तिनं फळा बघायच्या आधी मला बघितलं आणि म्हणाली, "सर, तुमच्या मिशीत पांढरे केस हायत." सगळा वर्ग रांगेत उभा राहून मला दुर्बिणीतून बघून गेला.

इतकं झाल्यावर तरी मी सुधारलो म्हणावं, तर तसं नाही. होटगीला थोरल्या भावाच्या नातवाचं बारसं होतं. तिथं पाळण्याला लावलेली नावाची पाटी वाचायला मुलीनं भिंग काढलं, तर मी कुजबुजलो, "पिशवीत ठेव ते. सगळे बघायलेत." तिनं ठेवलं. पाळण्यापाशी जाऊन इतर बायकांसारखं बाळाच्या गालाला हात लावला आणि कोपऱ्यात जाऊन बसली. बाळाचं नाव काय ठेवलं, हे तिनं परत येताना मला विचारलं.

आता ती आठवीत आहे, शहरातल्या शाळेत. भिंग कंपासपेटीत असतं. घरात येणारा प्रत्येक कागद ती वाचते. लाईटचं बिल, लग्नपत्रिका, शेंगा चटणीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं, औषधाच्या बाटलीची चिठ्ठी. आधीचं राहिलेलं भरून काढत असल्यासारखी.

या उन्हाळ्यात माझी बदली झाली. जुन्या शाळेचं दप्तर नव्या शिक्षकाला द्यायचं म्हणून मी फायली घरी आणल्या आणि वर्षवार लावायला बसलो. ती म्हणाली, "मी वाचते, तुमी लावा." मला बरं वाटलं. ती फरशीवर बसून एकेक कागद घ्यायची, घुमट ठेवायची, मथळा आणि वर्ष वाचायची आणि माझ्याकडं द्यायची. पोषण आहार. पटनोंदणी. पालकसभा. आमचं झकास चाललं होतं. त्या फायलीत काय आहे हे मला माहीत होतं, आणि तरी त्या वेळी मला ते आठवलं नाही. माणूस स्वतःचं किती सोयीनं विसरतो.

तिनं एक कागद घेतला आणि घुमट ठेवला. "दिव्यांग विद्यार्थ्यांची माहिती," तिनं वाचलं. मग वर्ष वाचलं. मग घुमट उचलून बाजूला ठेवला आणि कागद दोन्ही हातांनी समोर धरला, नेहमीपेक्षा लांब. जाड काळी अक्षरं, तिरकी, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

"निरंक," ती म्हणाली.

मी हात पुढं केला. तिनं कागद दिला नाही. फायलीतून खालचे कागद ती स्वतःच चाळायला लागली आणि दुसरा काढला, मग तिसरा. तिन्ही शेजारी शेजारी फरशीवर मांडले. सालं वाचायला तेवढं भिंग लावलं.

"पहिली," ती म्हणाली. "दुसरी. तिसरी."

बायको स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली होती. मी म्हणालो, "तेव्हा मला…" तेव्हा मला काय? तेव्हाही मला सगळं माहीत होतं.

मुलीनं त्या मोठ्या काळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं, मी शिकवलं होतं तसं, डावीकडून उजवीकडं.

"अप्पा," ती म्हणाली, "तुमी लिहिलेलं, पहिलीपासून मला बिनभिंगाचं वाचता आलं असतं, असं हे एवढंच हाय की."

तिनं तिन्ही कागद सालाप्रमाणे एकावर एक लावले, माझ्या हातात दिले आणि पुढचा कागद घेतला.